इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीतली नोकरी: आतले लोक काय सांगतात?

सांगलीचा_स्थापत्य
नमस्कार मंडळी. यंदा सिव्हिलचं बीई झालं. हातात दोन ऑफर आहेत. एक पुण्यातलं छोटं स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस, आठ-दहा माणसं, मालक स्वतः डिझाइन करतात. दुसरी मोठी कन्सल्टन्सी, तिथं हायवेच्या कामावर ऑथॉरिटी इंजिनिअरच्या (म्हणजे रस्ता बांधून घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या वतीनं काँट्रॅक्टरचं काम तपासणाऱ्या) टीममध्ये साइटला पाठवणार, पोस्टिंग कुठं ते अजून सांगत नाहीत पण पगार पुण्यापेक्षा बराच बरा. घरचे म्हणतात सरळ काँट्रॅक्टरकडं जा, कन्सल्टंटकडं नुसते कागद रंगवत बसशील. जे अशा ठिकाणी आहेत किंवा होते त्यांनी मोकळेपणानं सांगा, दिवसभर काम काय असतं, शिकायला मिळतं का, आणि पहिल्या नोकरीत नेमकं काय बघून घ्यायचं? कंपन्यांची नावं नकोत, अनुभव हवेत.

बीम_कॉलम
सुरुवातीची सगळी वर्षं छोट्या ऑफिसात गेली माझी, त्यामुळं तेवढंच सांगतो. आर्किटेक्टचा प्लॅन येतो, त्यावर कॉलम बसवायचे, ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करायचं, डिझाइन, मग ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसून डिटेलिंग, बीबीएस (सळयांच्या मापांची यादी) तपासायचं, आणि मग साइटवरून फोन सुरू. फुटिंगपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत अख्खी बिल्डिंग एकाच पोराच्या हातून जाते, हे मोठ्या कंपनीत लवकर मिळत नाही.

पण भांडणं पण सगळी तुझ्याच वाट्याला येतात. सगळ्यात नेहमीचं भांडण कॉलमच्या रुंदीचं. आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी, किंवा बीममधल्या सगळ्यात जाड सळईच्या २० पट, यातलं जे जास्त ते. म्हणजे बीमला २० ची सळई घातली की झालं ४००. आणि भिंत १५० ची. आर्किटेक्टला कोपरा बाहेर आलेला नको, बिल्डर म्हणतो मागच्या बिल्डिंगला २३० चालले की राव, भूकंप काय आत्ताच यायला लागले का. अशा मीटिंगमध्ये साहेब तुझ्या बाजूनं बोलतात का आर्किटेक्टच्या, त्यावरनं ऑफिस कसलं आहे ते कळतं.

दुसरं म्हणजे स्टील. ड्रॉइंग गेलं की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, स्क्वेअर फुटाला किती किलो बसलं? आमच्या शेजारच्याचा कन्सल्टंट साडेतीन किलोत बसवतो म्हणे. त्या शेजारच्याची माती कसली, मजले किती, स्पॅन किती, हे कुणी विचारत नाही.

अर्धा_चहा
स्टील किती किलो हा प्रश्न माझ्या साखरपुड्यात बायकोच्या मामांनी विचारला होता 😀 त्यांचं बांधकाम चालू होतं तेव्हा.

रस्त्यावरचा_राजा
ऑथॉरिटी इंजिनिअरच्या टीममध्ये आहे, दुसऱ्या ऑफरबद्दल लिहितो. आधी हे समजून घे की इथं कंपनी माणसं विकते. टेंडरमध्ये टीम लीडर, रेसिडेंट इंजिनिअर, ब्रिज इंजिनिअर, मटेरियल इंजिनिअर सगळ्यांचे सीव्ही लागतात, त्याला मार्क असतात, आणि बिल मॅन-मंथवर निघतं. तू फ्रेशर, म्हणजे खालच्या फळीतला फील्ड इंजिनिअर. हजेरी लागली तर तुझं बिल निघणार म्हणून रजा मागितली की साहेबांचा चेहरा पडतो, त्यात साहेबांचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

काम म्हणजे आरएफआय, तपासणीसाठीची काँट्रॅक्टरची लेखी विनंती. काँट्रॅक्टर म्हणतो थर तयार आहे, तपासा. आपण जायचं, लेव्हल घ्यायच्या, सँड रिप्लेसमेंटनं (खड्ड्यात वाळू भरून) डेन्सिटी, म्हणजे थर किती घट्ट दबलाय ते काढायचं, सबग्रेडला (रस्त्याखालच्या मातीच्या थराला) ९७ टक्के, जीएसबीला (त्यावरच्या खडीच्या थराला) ९८, नाही आलं तर परत रोलर. ऐकायला सोपं आहे. पण रात्री अकराला फोन येतो की साहेब उद्या पाऊस आहे, आत्ताच पास करा, वरचा थर टाकायचाय. आणि तू चोवीस वर्षांचा, समोर वीस डंपर उभे. तिथं 'नाही' म्हणायला शिकलास तर ही नोकरी तुला घडवेल. मी माझ्या पहिल्या टीम लीडरमुळं शिकलो, तो माणूस स्वतः रात्री गाडी काढून यायचा आणि माझ्या शेजारी उभा राहायचा.

पोस्टिंग सांगत नाहीत याचा अर्थ अजून काम मिळालेलं नाही असाही असू शकतो. लेखी विचार. आणि प्रोजेक्ट संपल्यावर पुढं काय तेही विचार, कारण बऱ्याच ठिकाणी नेमणूक प्रोजेक्टपुरती असते, डीमोबिलायझेशनचं पत्र आलं की पगार बंद.

शटरिंग_वाला
मी काँट्रॅक्टरच्या बाजूचा. घरचे बरोबर सांगतायत तुझे. कन्सल्टंटकडून ड्रॉइंग कधी वेळेवर येत नाही, आलं तर आर-झिरो (पहिली आवृत्ती), दोन दिवसात सुधारलेली आर-वन, स्लॅब भरायच्या सकाळी आर-टू. आणि बीम-कॉलमच्या जॉइंटला एवढ्या सळया देतात की काँक्रीट जाऊ दे, ते दाबून बसवायची व्हायब्रेटरची नीडल पण आत जात नाही. फिटर विचारतो साहेब हे कागदावर बसलं असेल, इथं कुठं बसवू? हनीकोंब (काँक्रीटमध्ये पोकळ्या) झालं की नाव आमचं. ज्यानं ड्रॉइंग काढलं त्यानं आयुष्यात एक रिंग (उभ्या सळयांभोवतीचं कडं) बांधलेली नसते. पहिली दोन वर्षं साइट कर बाळा, मग कुठंही जा.

बीम_कॉलम
@शटरिंग_वाला जॉइंटच्या गर्दीचं शंभर टक्के मान्य, आणि त्याचं कारण वर दिलंय तेच आहे, कॉलम बारीक ठेवायचा हट्ट. बाजू वाढवली तर सळई मोकळी बसते. आर-टूचं मात्र अर्धंच मान्य. आमच्याकडं आर्किटेक्ट टॉयलेट हलवतो, लिफ्टवाला खड्ड्याचं माप उशिरा देतो, बिल्डरचं एक फ्लॅटचे दोन करायचं ठरतं, आणि हे सगळं शेवटी स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर येऊन पडतं. स्लॅबच्या सकाळी आर-टू आला तर आमचा पोरगा रात्रभर जागलाय एवढं धरून चाला.

मृद्गंध
जिओटेकवाल्यांना कुणी विचारत नाही म्हणून स्वतःहून लिहिते. मी माती तपासणीच्या कन्सल्टन्सीत आहे. वर दोघं भांडतायत ते जमिनीवरचं, जमिनीखालचं काय आहे ते आम्ही सांगतो, आणि सगळ्यात कमी पैसे आमच्यावर खर्च होतात. दहा बोअर पाहिजेत तिथं चार मारा म्हणतात.

आपल्याकडं काळा दगड लागला की लोकांना वाटतं झालं, पाया भक्कम. पण बसाल्टच्या दोन थरांच्या मधे लाल बोल (मातकट लाल थर) असतो, ब्रेशिया (तुटक्या दगडांचा थर) असतो, आणि वर झिजलेला मुरूम. कधी ड्रिलरला मोठा धोंडा लागतो आणि तो म्हणतो रॉक आला मॅडम, थांबवू का? थांबवायचं नसतं. आणखी काही मीटर खाली जाऊन खात्री करायची, कोअर बॉक्समध्ये तुकडे ओळीनं लावायचे, दहा सेंटिमीटरच्या वरचे तुकडे मोजून आरक्यूडी (दगड किती अखंड आहे त्याचा टक्का) काढायचा. हे रिगवर (ड्रिलिंगच्या मशीनवर) उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ऑफिसात बसून बोअर लॉग लिहिणारी माणसं असतात या धंद्यात, त्यांचे लॉग बघितले की ओळखू येतात, सगळी बोअर सारखीच छान असतात.

मुलींसाठी एक सांगते. साइटवर बायकांसाठी टॉयलेट आहे का हे मी इंटरव्ह्यूमध्ये विचारते, आणि विचारायला अजिबात लाजत नाही. एका ठिकाणी 'मॅडमना ऑफिसातच ठेवू' असं उत्तर मिळालं. तिथं गेले नाही, कारण रिगवर न गेलेल्या जिओटेक इंजिनिअरचं पुढं काही होत नाही.

ठाणेकर_पाइपिंग
इथं सगळे सिव्हिलवालेच दिसतायत. मी रिफायनरी-पेट्रोकेमिकलवाल्या कन्सल्टन्सीत पाइपिंगला. आमच्याकडं पीअँडआयडी (पाइप आणि यंत्रांचा नकाशा), थ्रीडी मॉडेल, आयसोमेट्रिक (एकेका पाइपचं ड्रॉइंग), स्ट्रेस अ‍ॅनालिसिस, मग हॅझॉपच्या (धोके शोधायच्या) मीटिंगा, एकेक आठवडा चालतात. शिस्त मात्र जबरदस्त, प्रत्येक कागदावर बनवणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तीन सह्या, त्याशिवाय डॉक्युमेंट बाहेर जात नाही. पहिल्या वर्षी लाल शाईनं भरलेली माझी आयसोमेट्रिक परत यायची तेव्हा वाईट वाटायचं, आता त्या तपासणाऱ्या काकांचे उपकार वाटतात.

दुखणं एकच, तेलाचा भाव. २०१४ नंतर भाव पडले तेव्हा क्लायंटनी प्रोजेक्ट थांबवले आणि आमच्याकडचे टेबलच्या टेबल रिकामे झाले. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला, त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणीही झोपलं नव्हतं. कन्सल्टन्सीत कारखाना नसतो, गोदाम नसतं, माणसांचे तास हाच माल. काम आटलं की पहिला घाव माणसावर.

हिशेबी_बाई
मी इंजिनिअर नाही, अशाच एका फर्मचे अकाउंट्स बघायचे. पोराला कामाचं सांगते. ऑफर लेटरमध्ये 'एम्प्लॉयी' लिहिलंय का 'रिटेनर' ते बघ. बऱ्याच छोट्या ऑफिसांत पोरांना रिटेनर दाखवून व्यावसायिक फी म्हणून पैसे देतात, १० टक्के टीडीएस कापतात, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. हातात आकडा मोठा दिसतो म्हणून पोरं खूश. मग घराच्या कर्जाला बँक सॅलरी स्लिप मागते तेव्हा कळतं. आणि मूळ मार्कशीट, डिग्री, कोरा चेक, यातलं काहीही ठेवून घेत असतील तर तिथून उठून यायचं.

रस्त्यावरचा_राजा
हिशेबी ताई, हे कुणीतरी कॉलेजात येऊन सांगायला पाहिजे.

रात्रपाळी_पुणे
तिसरा प्रकार राहिला. मी परदेशी कन्सल्टन्सीच्या पुण्यातल्या डिझाइन सेंटरमध्ये आहे, आम्ही इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले पूल करतो. एसी, कॅब, पगार चांगला, कुणी ओरडत नाही. कोड वेगळे, युरोकोडमध्ये काँक्रीटची ताकद सिलिंडरवर मोजतात, आपण क्यूबवर, म्हणून सी ३२/४० असं दोन आकड्यांत लिहितात, पहिले काही महिने असल्या गोष्टी अंगवळणी पडण्यातच जातात. तपासणीची पद्धत अतिशय पक्की, काही पुलांना तर पूर्णपणे वेगळ्या फर्मकडून स्वतंत्र डिझाइन करून ताडून बघतात.

पण टाइमशीट. प्रत्येक तास कुठल्या प्रोजेक्टवर टाकला ते भरायचं, आणि युटिलायझेशनचा (बिल निघणाऱ्या तासांच्या टक्क्याचा) आकडा दर महिन्याला सगळ्यांसमोर. ट्रेनिंगला गेलो, कुणाला शिकवलं, हे तास बिलेबल नाहीत, म्हणून कुणी नव्याला शिकवत नाही. आणि ज्या पुलाचं डिझाइन मी केलं तो मी कधी बघितला नाही, बघणारही नाही बहुतेक. नदी कशी आहे, क्रेन कुठून येणार, सगळं गूगल मॅपवर. शटरिंग_वाला म्हणतात ते मला फार लागतं, कारण माझं ड्रॉइंग तिकडं कुणाच्या तरी हातात पडतं आणि तो काय म्हणाला ते माझ्यापर्यंत पोचत नाही.

शटरिंग_वाला
@रात्रपाळी_पुणे शनिवारी या आमच्या साइटवर, हेल्मेट देतो, चहा पण देतो. मनापासून बोलतोय.

रात्रपाळी_पुणे
येणार! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवृत्त_काका
मंडळी, मी आयुष्यभर स्ट्रक्चरल डिझाइन आणि प्रूफ चेकिंग केलं. धागा वाचून राहवलं नाही.

माझ्याकडं तपासायला मॉडेल येतात. रंगीत प्रिंट, शेकडो पानं. मी पहिलं काम करतो ते म्हणजे पाया किती वजन घेतोय ते हातानं काढतो. राहती आरसीसी इमारत असेल तर दर मजल्याला चौरस मीटरमागं ढोबळ १० ते १२ किलोन्यूटन धरायचे, क्षेत्रफळ गुणिले मजले, पाच मिनिटांत उत्तर येतं. मग टी बरोबर ०.०९ एच भागिले वर्गमूळात डी (टी म्हणजे इमारतीच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ, एच उंची, डी पायाशी रुंदी), त्यावरून बेस शिअर, म्हणजे भूकंपात पायथ्याशी येणारा आडवा जोर. कॉम्प्युटरचा आकडा याच्या आसपास नसला तर पुढची पानं उलटायचीच नाहीत, मॉडेल परत पाठवायचं. किती तरी वेळा भिंतींचं वजनच टाकलेलं नसतं. ज्या पोरानं केलं त्याला ओरडण्यात अर्थ नाही. त्याला हे कुणी दाखवलेलंच नसतं, कारण साहेब नवीन काम मिळवायला बाहेर आणि फी एवढी पडलेली की तपासायला माणूस ठेवणं परवडत नाही.

आणि 'भूकंप आत्ताच यायला लागले का' म्हणणाऱ्या बिल्डरला माझ्याकडून सांगा, कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला आला, किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचं. २००२ च्या सुधारणेत तो झोन एक नकाशातून काढूनच टाकला. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या धाब्याखाली. घर कशाचं आणि कसं बांधलं यावर माणसं जगतात किंवा मरतात, आपला धंदा याच्यासाठी आहे.

अर्धा_चहा
काका, सलाम. ०.०९ वालं सूत्र परीक्षेसाठी पाठ केलं होतं, ते कशाला वापरतात ते आज कळलं.

बीम_कॉलम
काकांनी फीचा मुद्दा काढला म्हणून. सरकारी कामात निदान क्यूसीबीएस (गुणवत्ता आणि किंमत दोन्ही बघून निवड) असतं, तांत्रिक गुण ८० आणि किंमत २० किंवा ७०-३०. खासगीत नुसता भाव. बिल्डर तीन कन्सल्टंटना बोलावतो आणि तिघांसमोर तिसऱ्याचा आकडा सांगतो. लाखो रुपयांचं मार्बल लॉबीत लावतात आणि ज्या माणसाच्या सहीवर बिल्डिंग उभी आहे त्याच्याशी फुटाला एक रुपयासाठी घासाघीस.

रस्त्यावरचा_राजा
८०-२० असलं म्हणून सगळं आलबेल नाही हां. टेक्निकलमध्ये सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क पडतात आणि शेवटी किंमतच ठरवते. मग त्या कमी किमतीत सीव्हीवाला मोठा माणूस थोडे दिवस येतो आणि नंतर त्याच्या जागी बदली.

जुनी_चाळ
मी मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करतो, थोडं आमचं पण ऐका. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणं स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ सेल, कोअर, कार्बोनेशन अशा टेस्ट करायच्या आणि इमारत धोक्याच्या कुठल्या वर्गात, सी-१, सी-२ए, सी-२बी की सी-३ ते सांगायचं. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. आता बघा, मालकाला किंवा डेव्हलपरला सी-१ पाहिजे असतं, भाडेकरूंना दुरुस्तीवर भागणारं सी-२बी. दोन्हीकडून फोन. दोन कन्सल्टंटचे दोन रिपोर्ट आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडं जातं.

माझ्या पहिल्या ऑफिसात मालकांनी एक नियम ठेवला होता, टेस्ट व्हायच्या आधी क्लायंटशी वर्गवारीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्यामुळं कामं गेली, डोळ्यांदेखत गेली. पण एका इमारतीतल्या आजी अजून मला दिवाळीला फोन करतात, त्यांना आम्ही पावसाळ्याआधी बाहेर काढलं होतं आणि त्या वेळी त्यांनी मला दारातून हाकललं होतं. एवढं समाधान पगारात मोजता येत नाही, पण पगार मोजतोच शेवटी माणूस, आणि तो कमी आहे हे पण खरं.

ठाणेकर_पाइपिंग
पगाराचं कुणीच नीट बोललं नाही. आयटीतला बॅचमेट आपल्या दुप्पट-तिप्पट घेतो, पहिली सहा-सात वर्षं हे टोचणार. नंतर, स्वतःच्या सहीला किंमत आली की, फरक कमी होतो. ज्याला सहीपर्यंत जायचं नाही त्यानं या लायनीत येऊ नये.

सांगलीचा_स्थापत्य
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं दोनदा वाचलं. शुक्रवारी पुण्याच्या ऑफिसात परत जाऊन आलो. विचारलं की माझं डिझाइन कोण तपासणार, साइटला कधी पाठवणार, आणि रिटेनर की एम्प्लॉयी. पहिल्या दोन्हींची उत्तरं चांगली आली, एक सीनियर मॅडम आहेत, त्या प्रत्येक ड्रॉइंग तपासतात, त्यांनी मला तपासलेलं एक ड्रॉइंग काढून दाखवलं, लाल शाईनं भरलेलं. स्लॅब चेकिंगला दर आठवड्याला जायचं. तिसऱ्याला सर म्हणाले पहिलं वर्ष रिटेनर, मग बघू. हायवेवाल्यांना पोस्टिंगचं मेल करून विचारलंय, उत्तर नाही.

हिशेबी_बाई
'मग बघू' लेखी घे. बारा महिन्यांनी पगारपत्रक आणि पीएफ, तारखेसकट. चांगली माणसं असतील तर लिहून देतील, रागावणार नाहीत. आणि तोपर्यंत मेडिक्लेम स्वतःचा काढ, वर्षाचा हप्ता पगारातून वेगळा ठेव.

निवृत्त_काका
त्या मॅडमकडं जा. लेखी मिळो न मिळो, लाल शाईवाला माणूस सोडू नकोस.

हिशेबी_बाई
काका, तुमचा आदर ठेवून असहमत. शिकवतात म्हणून पीएफ बुडवायचा का? पोराच्या घरी पण चूल पेटायची असते.

निवृत्त_काका
बरोबर बोललात. दोन्ही मागावं. माझ्या वेळी आम्ही मागितलं नाही, म्हणून आता पोरांना मिळत नाही.

मृद्गंध
आणि स्लॅब चेकिंगला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस रे. टेप, फोन, ड्रॉइंगची प्रिंट. आधी कॉलमच्या रिंगांमधलं अंतर बघ, जॉइंटच्या आत रिंगा आहेत का ते बघ, फिटर तिथंच गाळतात. मग कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे). आणि कँटिलिव्हरची (एकाच बाजूच्या आधारावर बाहेर आलेल्या भागाची) मुख्य सळई वरच्या बाजूला आहे ना, हे स्वतः वाकून बघायचं, फोटोवर विश्वास नाही ठेवायचा.

शटरिंग_वाला
जॉइंटमधल्या रिंगा 👍 आमचे पण गाळतात, मी रोज त्यावरनं भांडतो.

सहज_वाचक
थोडं विषयांतर. आमची मुलुंडची सोसायटी, १९८८ ची. @जुनी_चाळ, ऑडिट करायचंय, तीन कोटेशन आलीत, सगळ्यात स्वस्तवाला म्हणतो नुसतं बघून रिपोर्ट देतो, टेस्ट लागत नाहीत. कमिटीतले निम्मे त्याच्याकडं झुकलेत.

जुनी_चाळ
नुसतं बघून देणाऱ्याला घेऊ नका. महापालिकेकडं नोंदणी आहे का ते आधी तपासा, मग कोटेशनमध्ये कुठल्या टेस्ट, किती पॉइंट, कोअर किती आणि कुठल्या मजल्यावर हे लिहून मागा. टेस्ट कुठली लॅब करणार तेही. कमिटीला सांगा की पार्किंगच्या कॉलमचं प्लास्टर एका ठिकाणी काढून आतली सळई एकदा सगळ्यांनी बघू या, मग कोटेशनवर मत द्या. व्यनि करा, प्रश्नांची यादी पाठवतो.